मावशींच्या खोलीचं दार

ताईंनी आयुष्यभर वस्तू लपवल्या, आणि त्यासाठी त्यांना दरमहा पगार मिळाला. चोरीचा माल नव्हे. स्विच, पाइप, वायरी, एसीच्या जाळ्या, आग विझवायची लाल नळकांडी, कचऱ्याचे डबे आणि दारं. ज्या आर्किटेक्टच्या ऑफिसात त्या कॉलेजातून निघाल्या निघाल्या चिकटल्या आणि केस पांढरे होईपर्यंत राहिल्या, त्या सरांचं म्हणणं असं, की भिंतीवर भिंतीखेरीज दुसरं काही दिसलं की माणसाच्या मनाची शांती ढळते. सर भिंत काढायचे. ती काढून झाली की जगायला लागणारं उरलेलं सगळं तिच्यामागे कुठे कोंबायचं, हे ताई बघायच्या. साइटवरचे सुतार आणि प्लंबर सरांना मागे 'शून्यसाहेब' म्हणत आणि ताईंना 'गायबताई'. समोर आले की दोघांनाही वाकून नमस्कार करत.

या कामात कौतुक होण्याची सोय नसते. नातेवाईक एखादी नवी इमारत बघायला येत, मान वर करकरून छत बघत, आणि शेवटी एखादी मावसजाऊ हळूच विचारत असे, "सगळं छान आहे गं, पण यात तू काय केलंस?" ताई उत्तरादाखल एखादी फळी दाबत. फळी उघडे, आत मीटर दिसे. मावसजाऊ "अगोबाई" म्हणे आणि दुसरीकडे बघे.

घरीही तेच. ताईंच्या स्वयंपाकघरातल्या एकाही कपाटाला मूठ नव्हती. यजमान टपाल खात्यातून निवृत्त झालेले. अर्धवट, पुसट, चुकीच्या पत्त्यावरून माणूस शोधून काढण्याबद्दल खात्यात त्यांचं नाव होतं. मीठ मात्र त्यांना कधी पहिल्या फटक्यात सापडलं नाही. डॉक्टर पाठ वाजवून बघतात तसे ते एकेका फळीवर थाप मारत ओट्याकडेने सरकत जात.

"हे घर आहे का जादूगाराची पेटी?"

"डावीकडून तिसरं!" ताई आतून ओरडत.

"तिसरं उघडलं. त्यात डबे आहेत."

"मग माझ्या डावीकडून."

"तू आतल्या खोलीत आहेस. तुझी डावी बाजू मी कुठे शोधू?"

अशा वेळी ताई पदर खोचून बाहेर येत, न बघता एका फळीला कोपर लावत, मीठ काढून देत आणि काहीही न बोलता परत जात. हे न बोलणं यजमानांना चांगलंच ऐकू येई.

शहरानं आधुनिक कलेचं संग्रहालय बांधायचं ठरवलं आणि ते काम सरांना मिळालं, तेव्हा ताईंच्या निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते. इमारत उभी राहिली, आणि खरं सांगायचं तर देखणी राहिली. आत शिरताना एक अरुंद, बुटका उतार लागतो. माणूस नकळत खांदे आवळून चालतो, आणि एकदम समोर दुमजली उंचीचं दालन उघडतं. उजेड छतातून पाझरत येतो. कुठून येतो ते कळत नाही, कारण दिवे आणि काचा ताईंनी तुळयांच्या पोटात दडवलेल्या. जमीन करडी, एकसंध. भिंत जिथे जमिनीला टेकायला हवी तिथे टेकतच नाही. बोटभर काळी फट सोडून अधांतरी उभी असल्यासारखी दिसते. आणि समोर सरांची लाडकी 'मोठी भिंत'. या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी. तिला खिडकी नाही, खिळा नाही, पाटी नाही.

पाटी तर आख्ख्या इमारतीत कुठेच नाही. "चांगली इमारत माणसाला आपसूक वाट दाखवते," असं सर म्हणत. इमारत काय दाखवत होती कोण जाणे. लोक मात्र आत आल्यावर दोन-चार चित्रं बघत आणि मग अटेंडंटला एकच प्रश्न विचारत, "टॉयलेट कुठे आहे?" टॉयलेटचं दारही अर्थातच फळीचंच होतं.

अटेंडंट म्हणजे दालनात दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायका. चित्रांवर लक्ष ठेवायचं, लोकांना हात लावू द्यायचा नाही, आणि बसायचं नाही. त्यांच्या मुख्य होत्या मावशी. सरांनीच पूर्वी बांधलेल्या एका लहानशा कलादालनातून त्या इथे आल्या होत्या. ताईंची आणि त्यांची ओळखही तिथलीच, आणि जरा विचित्र. त्या दालनातल्या झाडूच्या कपाटाचं बिजागर कुरकुरतं म्हणून ताई बघायला गेल्या. फळी दाबली. दार उघडलं. आत उलट्या बादलीवर मावशी बसलेल्या, पाय फिनेलच्या कॅनवर.

"दार लावा, ताई. साहेब बघतील."

"तुम्ही इथे काय करताय?"

"बसलेय. बाहेर बसायला कुठे जागा काढलीय तुम्ही?"

ते कपाट ताईंनी स्वतः काढलं होतं. त्यात बादलीची जागा होती, झाडूची होती, मावशींची नव्हती. ताईंनी दार लावलं. ती गोष्ट त्यांच्या मनातून मात्र काही केल्या बाहेर गेली नाही, आणि मनाला लपवायची फळी कशी बसवतात ते त्यांना ठाऊक नव्हतं.

म्हणून नव्या संग्रहालयाच्या पहिल्याच ड्रॉइंगमध्ये त्यांनी अटेंडंटसाठी एक खोली काढली. सरांनी ती खोडली. ताईंनी पुढच्या ड्रॉइंगमध्ये पुन्हा काढली. सरांनी पुन्हा खोडली.

"अटेंडंट म्हणजे दालनाचा डोळा," सर म्हणाले. "डोळा कधी बसतो का?"

"मिटतो तरी, सर. आणि डोळ्याला गुडघे नसतात."

सरांना विनोद आवडत नसत. पण ताईंचा चिवटपणा त्यांना माहीत होता. खोडून खोडून कागद फाटायची वेळ आली, तेव्हा त्यांनी हात टेकले. "ठेव. पण दिसता कामा नये."

मोठी भिंत आणि तिच्या पाठीमागचं तिसरं दालन यांच्या मधल्या जाडीत ती खोली बसली. छताला एक खिडकी, आडवं होता येईल असा लांब बाक, पाय वर ठेवायला दांडी, पिशव्यांना खुंट्या, तोंड धुवायला बेसिन, चहाची किटली. आणि भिंतींना पिकल्या लिंबाचा पिवळा रंग. आख्ख्या इमारतीत पांढऱ्या-करड्याशिवाय दुसरा रंग होता तो तेवढाच, आणि तो ताईंनी रंगाऱ्याला शपथ घालून लावून घेतला. दार तिसऱ्या दालनात उघडायचं. ताईंच्या हातून झालेलं सगळ्यात सफाईदार दार. चौथी फळी, खांद्याच्या उंचीला दाबायची. नाक लावून बघितलं तरी सांध्याची रेघ सापडायची नाही. मावशी पहिल्या दिवशी आत गेल्या, बाकावर पसरल्या आणि छताकडे बघत म्हणाल्या, "ताई, तुमचं भलं होवो. आता मला मरण आलं तरी आडवं येईल."

ताईंना इतकी मोठी शाबासकी आयुष्यात मिळाली नव्हती. ती त्यांना आठवडाभर पुरली.

मग उद्घाटनाच्या प्रदर्शनाची चित्रं आली. एक दिवस दुपारी ताई घरी जेवायला बसणार तेवढ्यात मावशींचा फोन.

"ताई, आमची खोली गेली."

"गेली म्हणजे?"

"गेली म्हणजे सकाळी होती, आता नाही."

"मावशी, खोली कुठे जाणार? चौथी फळी. खांद्याच्या उंचीला दाबा."

"चौथ्या फळीवर चित्र आहे. पाचवीवर पण तेच आहे, सहावीवर पण तेच. दाबू का चित्राला? आयुष्यभर लोकांना हात लावू नका म्हणून ओरडतेय, आता मीच दाबते."

ताई ताटावरून उठल्या. तिसऱ्या दालनात जाऊन बघतात तर खरंच. एक अजस्र करडं चित्र, जाड लोखंडी चौकटीत, चौथ्या फळीपासून सहाव्या फळीपर्यंत आडवं पसरलेलं. खालच्या कोपऱ्यात एक नारिंगी रेघ. बाकी नुसता करडेपणा. समोर चित्रं टांगणाऱ्यांचा मुकादम पाना पुसत उभा होता.

"पक्कं बसलंय, ताई," तो अभिमानानं म्हणाला. "या जागेला आतून पोकळ लागलं, म्हणून लांब बोल्ट मारलेत. पार मागच्या चौकटीपर्यंत गेलेत. भूकंप झाला तरी हलायचं नाही."

"ते दार होतं."

"कुठलं?"

"तुम्ही ज्याला बोल्ट मारलेत, ते."

मुकादमानं भिंतीला गाल लावून एका बाजूनं बघितलं, मग दुसऱ्या बाजूनं. "काय सुरेख काम झालंय हो," तो मनापासून म्हणाला. "कळलंच नाही."

ताईंनी त्याच्याकडून ड्रॉइंग मागून घेतलं. त्यात दार नव्हतं. कसं असेल? बाहेरच्या माणसाला द्यायच्या ड्रॉइंगमध्ये छुपं दार दाखवायचं नाही, असा सरांचा नियम होता, कारण कागदावर दार दिसलं की माणूस भिंतीत शोधायला लागतो. हा नियम पाळून ते दार ताईंनी स्वतःच्या हातानं पुसलं होतं. कपाळावर हात मारायचा, तर तोही बघायला मावशी समोर हजर.

"आमच्या चपला आत आहेत," मावशी म्हणाल्या.

अटेंडंटच्या पावलांचा आवाज सरांना खपत नसे, म्हणून संग्रहालयानं त्यांना पांढरे मऊ बूट दिलेले. घरून घालून आलेल्या चपला खोलीत ठेवायच्या. त्या संध्याकाळी बसस्टॉपवर पांढऱ्या मऊ बुटांची एक रांग उभी राहिली आणि आवाज न करता घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ताईंनी आधी चित्रकाराला गाठलं. हा एक कृश, मृदू माणूस होता. आदल्या दिवशी सकाळभर मुकादमाकडून चित्र बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकवून घेऊन त्यानं ती जागा पक्की केली होती.

"ही भिंत माझ्याशी बोलली," तो म्हणाला.

"भिंत नाहीये ती. दार आहे."

"मग दार बोललं. एक पोकळ नाद होता त्यात."

"पोकळ असणारच. आत खोली आहे. खोलीत बायकांच्या चपला आहेत."

चित्रकारानं डोळे मिटले. "सुंदर," तो म्हणाला.

ताई संचालकबाईंकडे गेल्या. संचालकबाई एका हातानं फोन धरून दुसऱ्या हातानं पाहुण्यांच्या खुर्च्यांचा गोंधळ निस्तरत होत्या. त्या सज्जन होत्या, पण त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर 'तूर्तास' या शब्दानं सुरू होई. तूर्तास प्रदर्शन संपेपर्यंत थांबावं. तूर्तास अटेंडंटनी तळघरात बसावं. तळघरात चित्रांची रिकामी खोकी होती आणि उजेड नव्हता, एवढी गोष्ट सोडली तर जागा ऐसपैस होती.

ताई थांबल्याही असत्या. पण उद्घाटनाच्या भाषणात चित्रकाराला भरून आलं आणि त्यानं ते चित्र संग्रहालयाला कायमचं देऊन टाकलं. अट एकच, ते याच जागी राहावं. टाळ्या झाल्या. मागच्या बाजूला पांढऱ्या बुटात उभ्या असलेल्या मावशींनी वाजवल्या नाहीत.

"अहो, दान दिलेल्या वस्तूला पाना लावायचा का?" दुसऱ्या दिवशी संचालकबाई ताईंना म्हणाल्या. "काहीतरी मार्ग काढू. तूर्तास..."

उरले सर. ताईंनी सगळी हकिगत सांगितली. सर खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी ताईंचा हात हातात घेतला. इतक्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं.

"अभिनंदन," सर म्हणाले. "भिंतींशीच ज्यांचं रोजचं काम, त्यांनासुद्धा ते दार दिसलं नाही. मी जन्मभर जे शिकवत आलो ते तुला जमलं."

"सर, खोली बंद झालीय."

"खोली गौण आहे गं."

ताईंना वाटलं, समोरची पेन्सिल उचलावी आणि कुठेतरी खुपसावी. पण टेबलावर पेन्सिलही दिसत नव्हती. ती ठेवायचा खण त्यांनीच टेबलाच्या पोटात दडवला होता.

पुढचे काही आठवडे ताई संग्रहालयात गेल्या की मावशी त्यांना तळघराच्या जिन्यावर भेटत. "या, या," त्या पायरीवर सरकून जागा करत म्हणत. "बसा आमच्या हॉलमध्ये." आणि एकदा, अगदी सहज, रागावून नव्हे, "ताई, त्या जुन्या दालनात बादली तरी होती हो."

त्या दिवशी ताई घरी आल्या आणि त्यांनी कपाट आपटलं. म्हणजे आपटायला गेल्या. दार अर्ध्यावर येऊन थबकलं आणि अलगद, श्वास सोडल्यासारखं मिटलं. आपटू नये अशीच त्याची बिजागरं होती.

"भांडायचं असेल तर एखादं तरी कपाट आपटता येईल असं ठेवायचं होतंस," यजमान पेपरामागून म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा."

"बसतो. त्या खोलीला भिंती किती?"

"दोन बाजूंना खांब आहेत. एका बाजूला ते मेलं चित्र. आणि चौथी मोठी भिंत."

"मग मोठ्या भिंतीला दार पाड."

"अहो, ती मोठी भिंत आहे!"

"हो, पण भिंतच आहे ना?"

मोठ्या भिंतीला दार पाडायचं, हे ताईंना सुचलं नव्हतं असं नाही. सुचताक्षणी त्यांनी ते आत कुठेतरी ठेवून वरून फळी लावली होती. ती भिंत आता नुसती भिंत राहिली नव्हती. मध्यावर तिला किंचित फुगवटा होता, उजेड फिरला की जाणवेल न जाणवेल असा. त्या फुगवट्यावर लेख आले होते. 'श्वास घेणारी भिंत' असं कुणीतरी लिहिलं, मग सगळ्यांनीच लिहिलं. परदेशातून लोक तो श्वास बघायला येत. सर व्याख्यानांत त्यावर बराच वेळ बोलत.

दुसऱ्या दिवशी ताईंनी सरांच्या टेबलावर ड्रॉइंग ठेवलं. पांढऱ्या कागदावर मोठी भिंत, आणि तिच्यात फुगवट्याच्या डावीकडे, जाड रेघेनं काढलेलं एक दार. चौकट. उंबरठा. मूठ.

"हे काय आहे?"

"दार."

"पण ते दिसतंय कशाला?"

"दार आहे म्हणून."

सरांनी चष्मा काढला. "तुला कळतंय का तू काय म्हणतेयस? ती भिंत श्वास घेते."

ताई इतकी वर्षं गप्प राहिल्या होत्या. त्या दिवशी मात्र त्यांच्याच्यानं राहवेना. आवाज चढला नाही. उलट फार दमलेल्या माणसाचा असतो तसा खाली गेला.

"सर, तिथे वरच्या मजल्यावरच्या टॉयलेटचा पाइप आहे."

सरांनी चष्मा पुन्हा चढवला.

"वरच्या टॉयलेटचा पाइप खाली कुठून न्यायचा ते काढायचं राहून गेलं होतं. स्लॅब पडल्यावर लक्षात आलं. तुम्ही म्हणालात, बघ काय ते. मी पाइप भिंतीत घेतला. भिंत पुरली नाही, म्हणून थोडी फुगवली. पाइपाला चालतं, तर मावशींना का नाही चालणार?"

सर खोटं बोलत नव्हते, हेच त्यातलं वाईट होतं. ते विसरले होते. ताईंनी ती गोष्ट इतकी नीट लपवली होती, की ती त्यांनाही सापडली नव्हती. त्यांनी ड्रॉइंग जवळ ओढलं, दूर सारलं, पुन्हा ओढलं. खिडकीबाहेर बघितलं. शेवटी सही करता करता म्हणाले, "मूठ तरी बारीक ठेव."

"नाही," ताई म्हणाल्या.

संचालकबाईंच्या 'तूर्तास'मध्ये ते दार बसलं, कारण त्यात चित्राला हात लागत नव्हता. संग्रहालयाच्या सुट्टीच्या दिवशी भिंत कापली गेली. लाकडी चौकट बसली. तळहातात भरेल अशी पितळी मूठ बसली. मावशी आत शिरल्या, सगळ्यांच्या चपला बाहेर काढल्या आणि दारात ओळीनं मांडल्या. एका अटेंडंटनं आपल्या चपला छातीशी धरल्या. लेख लिहिणाऱ्यांनी दारावरही लिहिलं. 'श्वासाला मिळालेलं तोंड', असं काहीसं. सरांनी ते कात्रण ताईंच्या टेबलावर आणून ठेवलं आणि पुढच्या व्याख्यानात दारावर बोलायला सुरुवात केली.

इथे गोष्ट संपली असती तर ताईंना थोडी विश्रांती मिळाली असती. पण आठवड्याभरात मावशींचा फोन आला.

"आता काय झालं? दार गेलं का?"

"नाही हो. दार आहे. फारच आहे."

झालं होतं असं, की आख्ख्या इमारतीत दारासारखं दिसणारं दार ते एकच. माणूस उतार चालून आत येई, दालन बघून स्तिमित होई, आणि अडचणीत असला तर थेट त्या पितळी मुठीकडे चालू लागे. दार उघडे. आत पिवळ्या भिंती, बाकावर मावशी, पाय दांडीवर. माणूस आधी मावशींकडे बघे, मग बेसिनकडे, मग आशेनं इकडेतिकडे. काही लोक माफी मागून निघून जात. काही वाद घालत. एक आजोबा म्हणाले, "तुमचं होईपर्यंत थांबतो," आणि खरंच दाराबाहेर थांबले. त्यांच्यामागे रांग लागली.

"दिवसभर दार उघड, दार मिट," मावशी म्हणाल्या. "तळघरात निदान कुणी येत नव्हतं. ताई, रागावू नका, पण हे दार जरासं लपवता येईल का?"

ताईंनी रिसीव्हर कानापासून दूर धरला. यजमान मीठ शोधता शोधता समोर थांबले होते.

"नाही," ताई शक्य तेवढ्या शांतपणे म्हणाल्या. "लपवणार नाही. आतून कडी बसवून देते."

"कडी? साधी?"

"साधी. लोखंडी. सरकवायची."

कडी बसली. ताईंनी स्वतः उभं राहून बसवून घेतली. त्यानंतर फोन आला नाही, तेव्हा त्या धरून चालल्या की सगळं ठीक असावं.

काही दिवसांनी छतातल्या एका काचेतून पाणी झिरपतं म्हणून ताईंना संग्रहालयात जावं लागलं. शिडीवर चढणं-उतरणं, मान वर करून उभं राहणं, कंत्राटदाराशी डोकं लावणं यात दुपार गेली. खाली आल्या तेव्हा पायांचे गोळे झाले होते. बसायला म्हणून त्यांनी सगळीकडे बघितलं. दालन सुंदर होतं. त्यात बसण्याजोगं काहीच नव्हतं. तसं काही असू नये, हेही त्यांनीच बघितलं होतं. मग त्या मोठ्या भिंतीकडे गेल्या. आत बाक असेल, किटलीत चहा असेल. त्यांनी मूठ धरली, फिरवली, ढकलली. दार हललं नाही.

त्यांनी टकटक केली.

"टॉयलेट खाली, जिन्याच्या डावीकडे!" आतून दोन-तीन आवाज एका सुरात आले.

"अहो मावशी, मी आहे!"

"सगळे तेच म्हणतात," मावशी बाकावरून न उठता ओरडल्या. "खाली जा, खाली!"